धारणक्षमता : एक शब्द, अनेक शास्त्रे

(ग्रामपातळीवरील कार्यकर्ते व शेतकरी बंधुभगिनी यांच्यासाठी अभ्यासपाठ)

प्रास्ताविक

गोंदिया जिल्ह्याच्या तिरोडा तालुक्यात चोरखमारा हे गाव आहे. गावाजवळ विसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकात बांधलेला मोठा तलाव आहे. तलावाच्या पाण्यावर धानाच्या बांध्या पिकतात, आणि गावास लागूनच नागझिऱ्याचे वन सुरू होते. तलाव, शेत आणि वन ही तिन्ही एका दृष्टिक्षेपात यावीत अशी ही जागा असल्याने प्रस्तुत पाठासाठी तिची निवड केली आहे.

समजा, येथे एक सभा भरली आहे. पाटबंधारे खात्याचे अभियंता सांगतात, "गाळामुळे तलावाची क्षमता घटली आहे." कृषी कार्यकर्ता सांगतो, "तुमच्या बरड जमिनीची क्षमताच कमी आहे." वनरक्षक सांगतो, "वनाच्या क्षमतेपेक्षा गुरे अधिक झाली आहेत." वीज मंडळाचा तंत्रज्ञ पंपावर योग्य क्षमतेचा कपॅसिटर बसविण्यास सांगतो. शेतकरी चौघांचेही ऐकून घेतो आणि घरी जाताना मनाशी म्हणतो, "सर्वांचीच क्षमता कमी झाली, आता करावयाचे काय?"

शेतकऱ्याचा ह्यात दोष नाही. चारही अधिकाऱ्यांनी वापरलेला शब्द एक असला तरी प्रत्येकाच्या मनातील वस्तू निराळी होती. तिचे माप निराळे, मर्यादा निराळी आणि उपायही निराळा. एका क्षमतेवरील उपाय दुसऱ्या क्षमतेवर लागू केला तर श्रम व पैसा दोन्ही वाया जातात. म्हणून 'धारणक्षमता' ही संज्ञा निरनिराळ्या शास्त्रांत कोणत्या अर्थाने वापरली जाते, हे प्रत्येक ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

१. शब्दाचे मूळ

संस्कृतातील 'धृ' म्हणजे धरणे, पेलणे. ह्या एका धातूपासून धरण, धारण, धारणा, आधार आणि धरणी असे अनेक शब्द आपल्या भाषेत आले. पाणी धरून ठेवते ते धरण, आणि सर्वांना धरून ठेवते ती धरणी. जुन्या कागदपत्रांत धान्याच्या चालू बाजारभावासही 'धारण' म्हणत. कायद्याच्या भाषेत 'जमीनधारणा' म्हणजे जमीन कब्जात असणे. महाराष्ट्र शेतजमीन (जमीनधारणेची कमाल मर्यादा) अधिनियम, १९६१ ह्याच्या नावात तोच अर्थ आहे.

बोलभाषेत असे अर्थ एकमेकांत मिसळले तरी फारसे बिघडत नाही. परंतु शास्त्रात धारणक्षमता हे एक माप आहे, आणि माप म्हटले की ते कशाचे, कोठपासून कोठपर्यंत आणि किती काळासाठी हे ठरलेले असावे लागते. पुढील प्रत्येक प्रकरण वाचताना हे प्रश्न ध्यानात ठेवावेत.

२. तलावाची धारणक्षमता

तलावाची क्षमता घनफळात मोजतात. मोठ्या जलाशयांसाठी 'दशलक्ष घनमीटर' अथवा 'अब्ज घनफूट' ही एकके वापरली जातात. एक अब्ज घनफूट म्हणजे सुमारे २८.३ दशलक्ष घनमीटर होय.

तलाव तुडुंब भरला असता त्यात असलेले सर्व पाणी म्हणजे एकूण साठा. परंतु हे सर्व पाणी शेतास मिळत नाही. पाणी सोडण्याची मोरी (जुन्या मालगुजारी तलावांत जिला तुडुम म्हणतात) तलावाच्या तळाशी नसून काही उंचीवर असते. तिच्या उंबऱ्याच्या खालचे पाणी नहरात येऊ शकत नाही. त्यास मृत साठा म्हणतात. उंबऱ्यापासून सांडव्याच्या माथ्यापर्यंतचे पाणी हा जिवंत किंवा उपयुक्त साठा होय. सिंचनाच्या दृष्टीने तलावाची खरी धारणक्षमता ती हीच.

हा भेद किती महत्त्वाचा आहे ते सोलापूर जिल्ह्यातील उजनी धरणावरून दिसून येते. ह्या धरणाचा एकूण साठा सुमारे ११७ अब्ज घनफूट असून त्यापैकी निम्म्याहून अधिक, सुमारे ६३ ते ६४ अब्ज घनफूट, मृत साठा आहे. सन २०२४ च्या उन्हाळ्यात वृत्तपत्रांत 'उजनीचा साठा उणे' असे मथळे आले, आणि तो उणे ५० टक्क्यांच्याही खाली गेला. पाणी उणे कसे असेल, असा प्रश्न अनेकांना पडला. त्याचे उत्तर साधे आहे. टक्केवारी जिवंत साठ्यावर काढलेली असते. जिवंत साठा संपून मृत साठ्यातील पाणी खर्चू लागले की आकडा शून्याखाली जातो. धरण कोरडे पडलेले नसते, परंतु कालव्यात आपोआप येणारे पाणी संपलेले असते.

ह्यावरून गाळ काढण्याविषयी एक महत्त्वाचा बोध मिळतो. उंबऱ्याच्या पातळीच्या वरचा गाळ काढला तर जिवंत साठा वाढतो व नहरास अधिक पाणी मिळते. उंबऱ्याच्या खालचा गाळ काढला तर वाढतो तो मृत साठा. तो व्यर्थ नाही. उन्हाळ्यात गुरांना व वन्य प्राण्यांना तेच पाणी उरते, आणि मासळीही त्यातच जगते. परंतु त्यामुळे शेवटच्या बांधीस पाणी पोहोचेल अशी आशा धरणे चुकीचे ठरेल. गाळ काढण्यापूर्वी 'आपणांस कोणता साठा वाढवावयाचा आहे?' हे ग्रामसभेत ठरले पाहिजे.

मत्स्यव्यवसाय संस्थांनीही हाच विचार करावा. मत्स्यबीज किती सोडावे ह्याचा हिशेब तलाव तुडुंब असतानाच्या पसाऱ्यावर न करता वर्षभरातील सरासरी पसाऱ्यावर करणे योग्य. कारण माशांना भादव्यातील पाण्यात वाढावयाचे असले तरी वैशाखातील पाण्यातही जगावयाचे असते.

३. जमिनीची जलधारणक्षमता

तलाव म्हणजे एक मोठे भांडे असे मानता येते. जमिनीचे तसे नाही. मातीच्या कणांमध्ये लहानमोठ्या पोकळ्या असतात आणि पाणी त्या पोकळ्यांत कणांना चिकटून राहते. म्हणून जमिनीतील पाण्याच्या तीन अवस्था ओळखाव्या लागतात.

(अ) संपृक्त अवस्था : जोराच्या पावसानंतर सर्व पोकळ्या पाण्याने भरतात. मातीत हवा उरत नाही.

(आ) क्षेत्रक्षमता : मोठ्या पोकळ्यांतील पाणी एकदोन दिवसांत आपल्या भाराने खाली निघून जाते. लहान पोकळ्यांत जे पाणी टिकून राहते ती जमिनीची क्षेत्रक्षमता होय. अमेरिकेतील कॅलिफोर्निया येथील वीमायर व हेंड्रिक्सन ह्या शास्त्रज्ञांनी १९३१ मध्ये ही संज्ञा रूढ केली. भारी जमिनीतून पाणी हळू उतरत असल्याने तेथे अधिक दिवस लागतात.

(इ) कायम कोमेजण्याचा बिंदू : मुळे पाणी शोषीत राहतात आणि शेवटी कणांना घट्ट चिकटलेले पाणीच शिल्लक राहते. ते मुळांना ओढून घेता येत नाही. पीक कोमेजते आणि रात्रीच्या गारव्यातही पुन्हा तरारत नाही. ब्रिग्ज व शांट्झ ह्यांनी १९१२ मध्ये ह्या मर्यादेचा पद्धतशीर अभ्यास प्रसिद्ध केला.

क्षेत्रक्षमता व कोमेजण्याचा बिंदू ह्यांमधील पाणी हीच पिकाची खरी शिदोरी. तीस उपलब्ध ओल म्हणतात. तलावाच्या जिवंत साठ्याशी तिची तुलना करता येईल, आणि कोमेजण्याच्या बिंदूखालील पाणी म्हणजे जणू जमिनीचा मृत साठा. 'जमिनीत ओल दिसते, तरी पीक का सुकते?' ह्या प्रश्नाचे उत्तर येथे आहे. भारी मातीत ओल डोळ्यांना दिसते, परंतु ती मुळांच्या हाती लागत नाही.

एक मीटर खोल जमिनीत उपलब्ध ओल साधारणतः पुढीलप्रमाणे असते :

रेताड जमीन : २५ ते १०० मिलिमीटर
पोयट्याची जमीन : १०० ते १७५ मिलिमीटर
चिकण जमीन : १७५ ते २५० मिलिमीटर

पूर्व विदर्भातील शेतकऱ्यांनी कन्हार, मोरांड, सिहार, खरडी, बरडी अशी जमिनीची नावे पूर्वापार ठरविली आहेत. ही नावे म्हणजे बव्हंशी धारणक्षमतेचीच प्रतवारी होय. काळी चिकण कन्हार ओल दीर्घकाळ धरते. बारीक खड्यांची तांबूस बरडी पाऊस थांबताच कोरडी पडू लागते. कार्यकर्त्याने ही नावे शेतकऱ्यांकडून अवश्य समजून घ्यावीत. ती प्रयोगशाळेच्या अहवालास पूरक ठरतात.

धानाच्या बांधीचे वैशिष्ट्य

धानाच्या बांधीत ह्या विचारास एक वेगळे वळण मिळते. बहुतेक पिकांना क्षेत्रक्षमतेजवळची ओल मानवते, तर रोवणीच्या धानास संपृक्त अवस्था हवी असते. म्हणून आपण चिखलणी करतो. चिखलणीने मातीची घडण मोडते, मोठ्या पोकळ्या बुजतात आणि पाणी खाली झिरपणे मंदावते. शिवाय बांधीचे धुरे पाणी वरच्या वर अडवितात. एक एकर बांधीत १० सेंटिमीटर पाणी उभे राहिले तर ते सुमारे ४०५ घनमीटर, म्हणजे चार लक्ष लिटरांहून अधिक होते. गोंदिया जिल्ह्यात वर्षाकाठी साधारण बाराशे ते चौदाशे मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांत. धुरे मजबूत ठेवणारा प्रत्येक शेतकरी आपल्या बांधीत एक छोटा तलावच बांधीत असतो.

परंतु जी चिखलणी धानास हितकर, तीच त्यानंतरच्या हरभऱ्यास अडचणीची ठरते. मातीची घडण मोडल्यामुळे वाळल्यावर ढेकळे होतात आणि खालील कठीण थर मुळांना अडवितो. उभ्या धानात लाखोरी, जवस टाकण्याची उतेऱ्याची रीत ह्याच कारणाने शहाणपणाची आहे. धान निघण्यापूर्वी, जमीन ओली असतानाच बी रुजते आणि शिल्लक ओलीवर पीक तयार होते. बरड बांधीत उतेरा का फसतो आणि भारी बांधीत का साधतो, ह्याचे उत्तर उपलब्ध ओलीच्या हिशेबात आहे.

४. जमिनीची अन्नद्रव्यधारणक्षमता

जमीन केवळ पाणीच धरते असे नाही. ती खतेही धरते. सन १८५० च्या सुमारास इंग्लंडमधील टॉम्प्सन नावाच्या शेतकऱ्याने मातीने भरलेल्या नळीतून अमोनियम सल्फेटचे पाणी ओतले. खालून बाहेर आलेल्या पाण्यात अमोनिया जवळजवळ नव्हता. त्याच्या जागी चुन्याचा अंश आला होता. मातीने अमोनिया धरला आणि चुना सोडला. पुढे वे ह्या रसायनशास्त्रज्ञाने ह्या घटनेचा सखोल अभ्यास केला. ह्या देवाणघेवाणीच्या मापास आज धन आयन विनिमय क्षमता म्हणतात.

चिकण मातीच्या व कुजलेल्या सेंद्रिय पदार्थाच्या कणांवर ऋण विद्युत् भार असतो. त्यामुळे अमोनियम, पालाश, चुना, मॅग्नेशियम ही धन भाराची द्रव्ये त्यांना चिकटून राहतात. नायट्रेटवर मात्र ऋण भार असतो. ते पाण्याबरोबर वाहून जाते. सर्व चिकण माती सारखी नसते. काळ्या जमिनीतील माँटमोरिलोनाइट प्रकारच्या मातीची ही क्षमता मोठी, तर तांबड्या जमिनीतील केओलिनाइटची फार थोडी असते. उत्तम कुजलेल्या सेंद्रिय पदार्थाची क्षमता दोघांहूनही अधिक असते.

ह्यावरून व्यवहारात दोन गोष्टी ठरतात. हलक्या जमिनीत युरिया एकदम न देता हप्त्याने द्यावा. कारण जमीन जेवढे धरू शकत नाही, तेवढे पाण्याबरोबर जाते. आणि शेणखत, कंपोस्ट व हिरवळीचे खत नियमित घालावे; त्यांतून अन्नद्रव्ये तर मिळतातच, शिवाय पुढे दिलेले खत धरून ठेवण्याची शक्तीही येते. येथील क्षमता लिटरात अथवा मिलिमीटरात मोजीत नाहीत. तिचे एकक 'सेंटिमोल प्रति किलोग्रॅम' असे आहे. मृद्‌परीक्षण अहवालात हे एकक दिसल्यास ते पाण्याविषयी नाही, हे ओळखावे.

५. उष्णता व वीज

उष्णताधारकता : अठराव्या शतकात, १७६० च्या दशकात, स्कॉटलंडमधील जोसेफ ब्लॅक ह्यांनी दाखवून दिले की, सारख्या वजनाच्या निरनिराळ्या पदार्थांचे तापमान सारखेच वाढविण्यास निरनिराळी उष्णता लागते. एक ग्रॅम पाणी एक अंश सेल्सिअसने तापविण्यास एक कॅलरी उष्णता लागते, तर कोरड्या मातीस तिच्या सुमारे पाचव्या हिश्श्याने भागते. म्हणून पाणी सावकाश तापते व सावकाश निवते. उन्हाळी धानाचे पऱ्हे थंडीत टाकले असता संध्याकाळी वाफ्यात पाणी द्यावे व सकाळी ते काढून टाकावे, अशी शिफारस केली जाते, ती ह्याच गुणामुळे. रात्रभर पाणी आपली ऊब रोपांना पुरविते. सकाळी पाणी काढल्यावर माती उन्हाने लवकर तापते.

विद्युत् धारिता : सन १७४५–४६ च्या सुमारास तयार झालेल्या लायडन बरणीत प्रथम विद्युत् भार साठविता आला. आज पंपाच्या स्टार्टरजवळ बसविला जातो तो कपॅसिटर, ज्यास कोणी कंडेन्सर म्हणतात, तो ह्याच बरणीचा वंशज. त्याची धारिता 'फॅरड' ह्या एककात मोजतात. व्यवहारात त्याचा दशलक्षावा भाग, म्हणजे मायक्रोफॅरड, वापरतात.

पुष्कळ शेतकऱ्यांची अशी समजूत असते की, कपॅसिटर वीज साठवून ठेवतो व भारनियमनात ती कामास येते. ही समजूत चुकीची आहे. मोटारीस चुंबकीय क्षेत्र निर्माण करण्यासाठी जो जादा प्रवाह लागतो, तो कपॅसिटर जागच्या जागी पुरवितो. त्यामुळे वाहिनीवरील व रोहित्रावरील प्रवाह कमी होतो, दाब सुधारतो आणि रोहित्र जळण्याचा संभव कमी होतो. अर्थात एकाने बसवून पुरेसे होत नाही; एका रोहित्रावरील सर्व पंपधारकांनी आपल्या मोटारीच्या अश्वशक्तीस योग्य असा कपॅसिटर बसविल्यास त्याचा लाभ सर्वांना मिळतो. एक सावधानता मात्र अवश्य पाळावी. पंप बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये काही काळ विद्युत् भार असू शकतो. जाणकार तंत्रज्ञाशिवाय त्यास हात लावू नये.

६. कुरणाची व वनाची धारणक्षमता

इंग्रजीत ह्या अर्थाने वापरली जाणारी संज्ञा प्रथम जहाजांच्या संदर्भात, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास आढळते. जहाज किती माल वाहू शकते, एवढाच तिचा अर्थ होता. पुढे ती कुरणांना लागू झाली व कुरण किती गुरे पोसू शकते ह्यासाठी वापरली गेली. सन १९३३ मध्ये ऑल्डो लिओपोल्ड ह्यांनी वन्य प्राण्यांच्या व्यवस्थापनावरील आपल्या ग्रंथात तिचा उपयोग केला, आणि १९५३ मध्ये ओडम ह्यांच्या पर्यावरणशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात तिचा संबंध लोकसंख्यावाढीच्या गणिताशी जोडला गेला. हे गणित बेल्जियममधील व्हरहुल्स्ट ह्यांनी १८३८ मध्येच मांडले होते. मराठीत काही लेखक 'वहनक्षमता' असा शब्द योजतात, आशय एकच.

येथे धारण करावयाची वस्तू म्हणजे सजीव. सजीव खातो, वाढतो आणि ज्यावर जगतो तेच कमी करतो. म्हणून ही क्षमता स्थिर नसते. तलावात क्षमतेहून अधिक पाणी आले तर ते सांडव्यावरून निघून जाते आणि तलाव तेवढाच राहतो. कुरणात क्षमतेहून अधिक गुरे आली तर गवताची मुळेच उपटली जातात आणि पुढील वर्षी कुरणाची क्षमताच घटते. हा फरक मूलगामी आहे.

कुरणाचा हिशेब उदाहरणादाखल असा करता येईल. एका हेक्टरात वर्षाला दोन टन वाळलेले गवत होते असे मानू. त्यातील निम्मे जमिनीवर राहू दिले पाहिजे. उरलेले एक टन, म्हणजे एक हजार किलो, चराईस मिळाले. मध्यम आकाराच्या गाईस रोज सहा किलो वाळला चारा लागतो असे धरल्यास वर्षाला सुमारे २,१९० किलो लागतील. म्हणजे एका गाईस दोन हेक्टरांहून अधिक कुरण हवे. शंभर हेक्टरांत सुमारे ४५ गाई पोसतील. आपल्या गावाचे आकडे घालून हा हिशेब ग्रामसभेपुढे मांडावा.

वनात ह्या हिशेबास आणखी एक पायरी असते. नागझिरा हे १९७० पासून अभयारण्य आहे, आणि डिसेंबर २०१३ पासून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. एका वाघास वर्षाला सुमारे ५० मोठी भक्ष्ये लागतात. भक्ष्यप्राण्यांच्या कळपातून दरसाल दहावा हिस्सा गेला तर कळप टिकून राहतो असे मानतात. म्हणजे एका वाघामागे सुमारे ५०० भक्ष्यप्राणी वनात हवेत. चितळ, सांबर जेवढे, तेवढे वाघ. आणि गवत व पाणी जेवढे, तेवढे चितळ. वनातील गवत गुरांनी संपविले तर त्याचा परिणाम शेवटी वाघापर्यंत पोहोचतो, आणि भुकेला वाघ गुरांकडे वळला तर त्याचा परिणाम शेतकऱ्यापर्यंत.

ह्याच्या उलटही घडते. चंद्रपूर जिल्ह्यातील ब्रह्मपुरी भागात वाघांची संख्या वाढून माणसांशी संघर्ष तीव्र झाला, तर नागझिऱ्यात वाघांना जागा शिल्लक होती. म्हणून मे २०२३ मध्ये ब्रह्मपुरी भागातील दोन वाघिणी आणून नागझिऱ्यात सोडण्यात आल्या, आणि २०२४ मध्ये आणखी एक. हा निर्णय धारणक्षमतेच्या विचारावरच आधारलेला होता. वाघ वाढले की चोरखमाऱ्यासारख्या वनालगतच्या गावांनी चराई, मोहफुले व तेंदूपाने गोळा करण्याच्या वेळा ह्यांविषयी अधिक दक्ष राहावे लागते. एकटे वनात जाऊ नये, पहाटेच्या अंधारात मोहफुले वेचण्यास निघू नये, आणि शक्य तेवढी गुरे बांधून पोसावीत. वनाची क्षमता मोजताना वनाच्या कडेला राहणाऱ्या माणसाची सुरक्षितताही मोजली गेली पाहिजे.

७. गाळ : दोन क्षमतांमधील दुवा

आतापर्यंत निरनिराळ्या पाहिलेल्या क्षमता एका वस्तूत एकत्र येतात. ती वस्तू म्हणजे गाळ. पावसाने शेतातील सुपीक माती धुपून तलावात जाते. त्यामुळे शेताची धारणक्षमता घटते, आणि तलावाचीही घटते. एकाच ढिगाने दोन ठिकाणी नुकसान होते. तोच गाळ परत शेतात आणला तर दोन्ही ठिकाणी लाभ होतो. महाराष्ट्र शासनाने २०१७ मध्ये 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना सुरू केली, तिचे मर्म हेच.

परंतु दोन्ही लाभांचे माप एक नाही. एक हेक्टर शेतात दोन सेंटिमीटर जाडीचा गाळ पसरावयाचा तर २०० घनमीटर गाळ लागतो. तलावात तेवढीच, २०० घनमीटर म्हणजे दोन लक्ष लिटर पाण्याची, जागा मोकळी होते. शेतात मात्र त्या गाळात उपलब्ध ओल २० टक्के मानल्यास चार मिलिमीटर, म्हणजे हेक्टरी ४० घनमीटर पाणीच अधिक राहील. कोणी म्हणेल, हा लाभ तर पाचव्या हिश्श्याचा झाला. तसे नाही. तलावातील ती जागा पावसाळ्यात एकदा भरून वर्षभर पुरवावयाची असते. शेतातील गाळ प्रत्येक पावसाने पुन्हा भरतो व प्रत्येक उघडिपीत पिकास पाणी देतो. हंगामात पाच वेळा भरून रिकामा झाला तर पिकास २०० घनमीटर पाणी मिळालेच. शिवाय गाळातील चिकण कण खतही धरून ठेवतात. म्हणून दोन्ही आकड्यांची थेट तुलना न करता प्रत्येक आकडा आपल्या जागी समजून घ्यावा.

गाळ वापरताना पुढील दक्षता घ्यावी :

(१) गाळ बरडी, खरडी अशा हलक्या जमिनीत टाकावा. भारी कन्हारीत टाकल्याने निचरा आणखी बिघडतो.
(२) टाकण्यापूर्वी गाळाचे परीक्षण करून घ्यावे. क्षारयुक्त अथवा निव्वळ रेतीचा गाळ शेतात घालू नये.
(३) केवळ गाळ काढावा. तलावाचा मूळ कठीण तळ फोडू नये. तो फुटल्यास पाणी झिरपून तलावाची क्षमता कागदावर वाढेल आणि प्रत्यक्षात घटेल.
(४) पाळीच्या पायथ्याजवळ खोदाई करू नये. खोदाईची जागा व खोली अभियंत्याकडून आखून घ्यावी.
(५) वनालगतच्या तलावावर वन खात्याची संमती घ्यावी व उन्हाळ्यात वन्य प्राण्यांना पाण्यावर येण्यास वाट मोकळी ठेवावी.
(६) वरच्या शिवारात बांधबंदिस्ती केली नाही तर काढलेला गाळ पुन्हा भरेल, हे विसरू नये.

८. प्रात्यक्षिक : आपल्या शेताची उपलब्ध ओल

साहित्य : वजनकाटा, दोन डबे, प्लॅस्टिकचा कागद, फावडे.

कृती : शेतात एक मीटर लांब व एक मीटर रुंद वाफा करून तो पाण्याने चांगला भिजवावा. वरून प्लॅस्टिकचा कागद झाकावा, म्हणजे पाणी वाफ होऊन जाणार नाही. हलक्या जमिनीत दोन दिवसांनी, भारी जमिनीत तीनचार दिवसांनी मुळांच्या खोलीवरील माती डब्यात घ्यावी व वजन करावे. नंतर ती प्रयोगशाळेतील भट्टीत १०५ अंश सेल्सिअसवर वाळवून पुन्हा वजन करावे. समजा ओली माती १२२ ग्रॅम व वाळलेली १०० ग्रॅम भरली, तर क्षेत्रक्षमता २२ टक्के झाली. कोमेजण्याच्या बिंदूचा आकडा मृद्‌परीक्षण प्रयोगशाळेकडून घ्यावा. तो १० टक्के आहे असे मानू.

हिशेब : उपलब्ध ओल २२ वजा १०, म्हणजे १२ टक्के. मातीची घनता १.४ धरल्यास घनफळाने १६.८ टक्के. मुळांची खोली ३० सेंटिमीटर, म्हणजे ३०० मिलिमीटर असल्यास सुमारे ५० मिलिमीटर पाणी पिकाच्या शिदोरीत आहे. पीक रोज पाच मिलिमीटर पाणी खर्चीत असेल तर ही शिदोरी दहा दिवसांची. परंतु सर्व शिदोरी संपेपर्यंत थांबू नये. निम्मी खर्च होताच, म्हणजे पाचव्या दिवशी, पाणी द्यावे हे उत्तम. हा हिशेब धानाव्यतिरिक्त पिकांसाठी आहे, हे ध्यानात असावे.

९. सारांश

धारणक्षमता हा शब्द कानी पडताच कार्यकर्त्याने पुढील चार प्रश्न विचारावेत :

पहिला : कोण धारण करतो? तलाव, माती, पाणी, कपॅसिटर की वन?
दुसरा : कशाचे धारण? पाण्याचे, खताचे, उष्णतेचे, विजेचे की जिवांचे?
तिसरा : कोणत्या दोन मर्यादांमधील? एकूण साठा की जिवंत साठा? संपृक्त अवस्था की उपलब्ध ओल?
चौथा : किती काळ? पावसाळ्यापुरते, दोन पाण्यांमधील दिवसांपुरते, की वर्षानुवर्षे टिकेल असे?

ह्या चार प्रश्नांची उत्तरे मिळाली की आरंभी सांगितलेल्या सभेतील गोंधळ दूर होतो. अभियंत्याची क्षमता गाळ काढून वाढेल. शेताची क्षमता गाळ व शेणखत घालून वाढेल. पंपाचा प्रश्न योग्य कपॅसिटरने सुटेल. वनाची क्षमता मात्र तिच्यावरील भार कमी करूनच टिकेल. तेथे काही घालावयाचे नसून, आपण जे काढून घेतो त्यास आळा घालावयाचा आहे. शब्द एक असला तरी उपाय चार आहेत, हे शेतकऱ्यास समजावून सांगणे हेच ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याचे काम होय.

अभ्यासासाठी प्रश्न

१. आपल्या गावच्या तलावाच्या मोरीचा उंबरा कोणत्या पातळीवर आहे? गाळ त्याच्या वर साचला आहे की खाली?
२. आपल्या शिवारात स्थानिक नावाने ओळखल्या जाणाऱ्या जमिनी कोणत्या? त्यांची ओल धरण्याच्या शक्तीनुसार क्रमवारी लावा.
३. जमीन ओली दिसत असताही पीक कोमेजते, ह्याचे कारण सांगा.
४. तलाव क्षमतेबाहेर भरणे व कुरण क्षमतेबाहेर चरणे ह्यांतील मूलभूत फरक कोणता?
५. आपल्या गावातील गुरांची संख्या व कुरणाचे क्षेत्र घेऊन चाऱ्याचा वार्षिक हिशेब मांडा व तो ग्रामसभेत वाचून दाखवा.